प्रश्नावली वाटण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांतली मुलं-मुली ऑनलाइन शिक्षण कितपत स्वीकारतात, हा तुझा विषय मोलाचा आहे. पण आराखड्याच्या शेवटी नुसती मुलांची सरासरी, मुलींची सरासरी आणि टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, ते बघणारी) आहे. तेवढ्यावर थांबू नकोस.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या, लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या प्रारूपात दोन गोष्टी मुख्य आहेत: साधन उपयोगी वाटणं आणि सोपं वाटणं. व्यंकटेश आणि मॉरिस यांनी २००० मध्ये नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुरुष उपयोगाकडे जास्त बघत होते, तर स्त्रिया सोपेपणाकडे आणि भोवतालच्यांच्या मताकडे. म्हणजे कोणाला किती आवडतं यापेक्षा कोण कशामुळे तयार होतं, हे शोधायचं. त्यासाठी स्वीकाराचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणात ‘लिंग × सोपेपणा’ आणि ‘लिंग × उपयोग’ ही गुणाकाराची पदं घाल; सोपेपणाचा किंवा उपयोगाचा परिणाम मुलामुलींत वेगळा आहे का, ते त्यांतून कळतं. मात्र नोकरदारांचे ते निष्कर्ष आजच्या, हातात मोबाइल घेऊन वाढलेल्या विद्यार्थ्यांना आयते चिकटवू नकोस.

खरा घोळ नमुना निवडताना होतो. वाशीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बहुतेक मुलं आणि ठाण्याच्या कला शाखेतून बहुतेक मुली घेतल्या, तर शाखेचा फरक लिंगाच्या नावावर जमा होईल. प्रत्येक शाखेतून दोघंही घे. साधनांचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७.१ टक्के होते आणि स्त्रिया फक्त ३३.३ टक्के. म्हणून फोन स्वतःचा की घरात सामायिक, लॅपटॉप आहे का, संध्याकाळी घरकामातून सलग किती वेळ मिळतो, हे विचारच. हे न विचारता ‘मुलींना तंत्रज्ञान कमी जमतं’ असं लिहिणं हा त्या मुलींवर अन्याय आहे.

संख्येचा हिशेब आधी कर. पाच टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे असं म्हणण्याचा धोका) आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक सापडण्याची शक्यता) धरली, तर मध्यम फरक (प्रमाण विचलनाच्या ०.५ पट) पकडायला प्रत्येक गटात ६४ जण पुरतात, लहान फरकाला (०.२) ३९४ लागतात. गुणाकाराच्या पदांना सहसा त्याहून जास्त.

आता प्रश्न. ‘हा प्लॅटफॉर्म सोपा आणि उपयुक्त आहे’ हे विधान काढून टाक. ज्याला तो सोपा पण निरुपयोगी वाटतो, त्याने पाचपैकी कुठल्या आकड्यावर खूण करायची? एका विधानात एकच गोष्ट हवी. क्रोनबाख अल्फा (एकाच गोष्टीवरची विधानं एकमेकांशी किती जुळतात, त्याचं माप) दोन्ही गटांचा वेगळा काढ, ०.७० च्या खाली गेला तर विधानं पुन्हा तपास. मग दोन्ही गट प्रश्न सारख्याच अर्थाने घेतात का, ही मापन-समतेची चाचणी कर. ती झाल्याशिवाय सरासऱ्यांची तुलना करू नये.

आणखी एक: हजेरीच प्लॅटफॉर्मवर लागत असेल तर ‘मी वापरणार आहे’ला सगळेच पाच देतील. तिथे स्वीकार मोजला जात नाही, सक्ती मोजली जाते. ऐच्छिक भाग निवड आणि जमल्यास विद्यार्थ्यांच्या संमतीने लॉगिनच्या नोंदी घे.

सुधारलेली प्रश्नावली आधी तीसेक जणांकडून भरून घे आणि ती घेऊनच भेटायला ये.