विणकाम शिकावं की टॅटिंग? आणि गोव्यात राहून लोकर विणण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. संध्याकाळी वेळ असतो तर सुयांवरचं विणकाम शिकू की टॅटिंग (म्हणजे शटल नावाच्या छोट्या साधनाने गाठी मारत केलेली लेस), गोव्याच्या उकाड्यात लोकर कोण घालणार, आणि दहा रुपये मीटरने लेस मिळत असताना बोटं कशाला झिजवायची. तिसऱ्या प्रश्नाने मलाही अधूनमधून छळलंय, म्हणून तो शेवटी घेते.

मी मडगावात राहते, नोकरी पणजीला. रोज कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, शटल बसने जाते-येते. खिडकीवर तिकीट काढायचं, जागेवर बसायचं, मग थेट पणजी, मध्ये थांबा नाही. त्या वेळात माझ्या हातात टॅटिंगचं शटल असतं, ज्यावर धागा गुंडाळलेला असतो. शटलमध्ये शटल, हा विनोद आमच्या ऑफिसात इतक्यांदा झालाय की आता कोणी हसतही नाही. विणकामाच्या सुया मात्र मी बसमध्ये काढत नाही. शेजारणीच्या बरगडीत कोपर बसतं, ब्रेक लागला की चार टाके सुईवरून घसरतात, आणि खाली पडलेला लोकरीचा गुंडा नेमका ड्रायव्हरच्या दिशेने पळतो.

तेव्हा माझं उत्तर असं की दोन्ही शिका, विणकाम घरातल्या खुर्चीसाठी आणि टॅटिंग पर्समध्ये ठेवायला. पण सुरुवात कशाने करायची हे तुमच्या स्वभावावर आहे. चूक झाली की तुम्ही काय करता, एवढंच स्वतःला विचारा.

विणकाम म्हणजे एकच लांबलचक धागा आणि त्याचे एकात एक अडकवलेले फास. सुई काढून टोक ओढलं की सरसर उसवतं आणि लोकर जशीच्या तशी परत हातात. आमच्या डिचोलीच्या घरी एक किरमिजी लोकर होती. आधी तिचा माझा स्वेटर झाला, तो आखूड झाल्यावर उसवून भावाचा बिनबाह्यांचा, आणि शेवटी मावशीच्या नातवाचं टोपरं. उसवलेली लोकर नागमोडी होते. आई तिची खुर्चीच्या पाठीवर लड करायची, चार ठिकाणी सुतळीने बांधायची आणि चहाच्या उकळत्या पातेल्यावर धरायची. वाफेने ती सरळ होते. स्वेटरला आल्याच्या चहाचा वास येतो असं भाऊ म्हणायचा. खरं असावं.

टॅटिंगमध्ये अशी माफी नाही, कारण ते सगळं गाठींचं काम आहे. चुकलेली गाठ सोडवायची तर टाचणीच्या टोकाने एकेक अर्धी गाठ सैल करत मागे यायचं, आणि कडं, म्हणजे गाठींचा गोल, एकदा आवळलं असेल तर बहुतेक वेळा कात्रीच. पण नुकसान तेवढ्यापुरतंच होतं. चूक तीन ओळी खाली सापडली म्हणून स्वेटरची अख्खी पाठ उसवायची वेळ येत नाही, एक कडं गेलं, दुसरं करायचं. ज्यांना काहीतरी पुरं झालेलं रोज बघायला लागतं त्यांनी टॅटिंग धरावं. महिनाभर एकाच पाठीवर काढायला ज्यांची हरकत नाही त्यांनी सुया.

टॅटिंग मला शेजारच्या एका वयस्क आंटीने शिकवलं. लग्नात नवरीच्या हातात असतो तसा रुमाल त्यांनी स्वतःच्या लग्नासाठी केलेला, कागदात गुंडाळून जपून ठेवलेला. त्या याला नुसतं 'रेंद' म्हणत. पोर्तुगीजमध्ये लेसला रेंदा म्हणतात. त्याच भाषेत रेंदा म्हणजे खंड, भाडंसुद्धा, आणि माडाची सूर काढणारा आपला रेंदेर त्या दुसऱ्या अर्थाकडून आलेला. लेस आणि सूर अशी एका शब्दाला येऊन टेकलेली पाहून मला अजून गंमत वाटते. फ्रेंच लोक टॅटिंगला फ्रिव्होलिते म्हणतात, म्हणजे थिल्लरपणा, आणि इटालियन कियाक्येरिनो, म्हणजे गप्पाटप्पांतलं काम. जर्मन नावात तर चक्क छोटी होडी आहे, कारण शटल दिसतं तसं. आपल्याकडे मागावरच्या शटलला 'धोटा' हा छान शब्द आहे, पण टॅटिंगवाल्या कोणाच्या तोंडी मी तो ऐकलेला नाही.

आता मुख्य गोष्ट, जी व्हिडिओत दोन सेकंदांत निघून जाते. डाव्या हाताच्या बोटांभोवती धाग्याचं कडं, उजव्या हातात शटल. शटल कड्याच्या धाग्याखालून न्यायचं आणि वरून परत आणायचं. आत्ता जी अर्धी गाठ पडलीय ती शटलच्या धाग्याची आहे, आणि ती चुकीची आहे. इथे डाव्या हाताची बोटं सैल सोडायची आणि शटलचा धागा ताठ ओढायचा. टुणकन गाठ पलटते. आता शटलचा धागा सरळ आणि हातावरचा धागा त्याच्याभोवती गुंडाळलेला. मग बोटं पसरून ती गाठ अंगठ्यापाशी सरकवून आणायची. दुसरी अर्धी गाठ याच्या उलट, शटल वरून नेऊन खालून परत, आणि पुन्हा तोच पलटा. दोन अर्ध्या मिळून एक गाठ. अशा वीसेक झाल्या की शटलचा धागा ओढायचा, सगळ्या गाठी त्याच्यावरून सरकतात आणि कडं मिटतं.

एक गाठ जरी पलटली नसली तरी कडं मिटत नाही. माझ्या पहिल्या चोवीस गाठींच्या कड्यात सातवी की आठवी पलटलेली नव्हती. मी ओढत राहिले, धागा तुटला, आणि मी शटल डब्यात टाकून दोन महिने हात लावला नाही. आंटींनी मग दोन रंग दिले: पांढरा शटलवर, निळा हातावर, दोन्हींची टोकं एकत्र बांधलेली. गाठ निळी दिसली तर बरोबर, पांढरी दिसली तर फसली. आणि शेजारी बसून दर गाठीला एकच शब्द, "सोड." आपण डावा हात सोडतच नाही हो. उजव्या हाताने काम करायचं असलं की डावाही दात-ओठ खाऊन आवळून बसतो. चौथ्या दिवशी पहिली निळी गाठ आली, तेव्हा मी किंचाळले होते.

दोन गाठींमध्ये मुद्दाम धागा मोकळा सोडला की छोटा फास राहतो, त्याला पिको म्हणतात. साडीला फॉल-पिको करतो त्यातला पिको हाच. शोभा असतेच, शिवाय शेजारचं कडं याच फासात अडकवून जोडायचं असतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पिको सारख्या मापाचे ठेवायची सवय लावा. पुठ्ठ्याची बारीक पट्टी मध्ये धरली की माप चुकत नाही.

विणकामाबद्दल इतकं लिहीत नाही, कारण ते खरंच सोपं आहे आणि शिकवणारी बाई प्रत्येक घरात एक तरी सापडते. सुलट आणि उलट हे दोनच टाके. सगळ्या सुया, म्हणजे ओळी, सुलट विणल्या तरी मफलर होतो. एक सुई सुलट, एक सुई उलट केली की कापड आपोआप कडेला गुंडाळतं. ती तुमची चूक नाही, त्या विणीचा स्वभावच तसा. कडेचे चार-पाच टाके दोन्ही बाजूंनी सुलट ठेवले की बराच फरक पडतो. सुयांच्या नंबरांचा एक घोळ मात्र आधीच समजून घ्या. आपल्याकडच्या नंबरात आकडा मोठा तितकी सुई बारीक: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन व्हिडिओत उलटं असतं, तिथला 6 म्हणजे आपला 8. मिलिमीटर विचारून घेतले की भांडण मिटतं.

गोव्यात लोकर कोण घालतं? तान्ही बाळं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो त्यात टोपरं आणि मोजे लागतात. शिवाय पुण्या-बेळगावची माहेरं, एसी ऑफिसात कुडकुडणाऱ्या मैत्रिणी, डिसेंबरातली वाळपईची पहाट. दुकानात 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, आणि आपल्या हवेला तेच परवडतं. धुऊन पटकन वाळतं, त्याला कसर लागत नाही. खऱ्या लोकरीला लागते, आणि पावसाळ्यात बंद कपाटात दोन्हींना कुबट वास येतो. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या मात्र ठेवू नका. त्यातलं नॅफ्थलीन काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं रक्तातलं विकर (एन्झाइम) कमी असलेल्यांना तर फार धोका. ऊन पडेल त्या दिवशी कपडे उन्हात टाकावेत, हा आईचा उपाय पुरतो. बाळाच्या मोज्यांना जाळीची वीणही नको. आतल्या सुट्या धाग्यात एवढंसं बोट अडकतं.

एप्रिल-मे मध्ये घामेजल्या हातात ॲक्रिलिक अडकतं, सुईवर किरकिरतं. बांबूच्या सुया घ्या, तळहाताला जरा पावडर लावा. नाहीतर सरळ सुती धागा. पण सुती धाग्याला लोकरीसारखा लवचीकपणा नसतो, बोटं लवकर दुखतात, आणि विणलेलं वजनाने लोंबतं. मी हौसेने बाजाराची सुती पिशवी विणली आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पहिल्याच दिवशी तिच्यात पाच नारळ घातले. घेतली तेव्हा पिशवी कमरेशी होती, स्टँडवर पोचेपर्यंत गुडघ्याला लागत होती. आता तिच्यात कांदे टांगलेले आहेत.

टॅटिंगला हवेचा काही त्रास नाही. सुती धागा, प्लॅस्टिकचं शटल, एक बारीक कात्री, सगळं चष्म्याच्या डबीत मावतं. धाग्याचे नंबरही आकडा मोठा तितका धागा बारीक असेच. 10 किंवा 20 ने सुरुवात करा. 80 नंबरचं काम फोटोत फार देखणं दिसतं, पण त्याआधी डोळ्यांचा नंबर तपासून घ्या.

राहिला दहा रुपये मीटरचा प्रश्न. उशांच्या अभ्र्यांना आणि परकराला मी स्वतः बाजारातलीच लेस लावते, उगाच सोवळेपणा नाही. विणणारं यंत्र तर इंग्लंडात 1589 मध्येच निघालंय, तेव्हा यंत्राशी शर्यत चारशे वर्षांपूर्वीच हरलेली आहे. टॅटिंगसारखी दिसणारी बाजारातली लेस बहुधा यंत्रावरचं भरतकाम असतं. ते विरघळणाऱ्या कापडावर भरून मग कापड पाण्यात घालवतात. नखाने पिको हलवून बघा, यंत्राच्या लेसमध्ये गाठ सापडत नाही. पण हे कळून कोणाचं पोट भरत नाही हेही खरं.

मी माझ्यापुरता हिशोब असा लावते. एक फूट चौकोनी रुमालाची कडा चार फूट, म्हणजे साधारण 122 सेंटिमीटर. पूर्वी आगशी-कुठ्ठाळीच्या मध्ये बस अडकायची, तेव्हा जाताना सहा आणि येताना सहा सेंटिमीटर व्हायचे आणि दहा दिवसांत रुमाल पुरा. 2022 च्या डिसेंबरात तिथला झुआरी नदीवरचा नवा पूल सुरू झाला, आता एका वेळेला कसेबसे साडेतीन होतात आणि त्याच रुमालाला सतरा-अठरा दिवस लागतात. पुलावर नाराज असलेली गोव्यात मी एकटीच असेन. ते दिवस तसेही बसमध्येच जाणार होते. बाजारची लेस मी आणली असती तर पिशवीत घालून खिडकीबाहेर बघत बसले असते. तेही वाईट नाही, झुआरी सुंदरच आहे. पण गेल्या महिन्यात शेजारच्या सीटवरच्या शाळकरी मुलीने नुव्यापर्यंत टक लावून पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "आंटी, हें कितें?"

मी म्हटलं, "रेंद." आणि शटल तिच्या हातात दिलं. पहिली गाठ अर्थातच पांढरी आली.