जिल्हा परिषदेची कमी पटाची शाळा बंद करता येते का?

तुमचा प्रश्न असा: पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट 17 आहे, दोनपैकी एक शिक्षक जाणार म्हणतात, पुढे शाळाही बंद होईल, कायद्याने असं करता येतं का? मी 2004 पासून नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवते, त्यातली बरीच वर्षं पेठ तालुक्यात गेली. त्या अनुभवावरून सांगते.

पट 20 च्या खाली गेला की शाळा बंद करा, असं शिक्षण हक्क कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. 2009 चा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 6 ने वस्तीजवळ शाळा देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी अंतर 1 किलोमीटर धरलंय, सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर. शिक्षकांचंही तसंच. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. म्हणजे तुमच्या 17 मुलांनाही दोन.

मग शाळा बंद पडतात कशा? बंदचा आदेश फार क्वचित निघतो. आधी शिक्षक जातात. दरवर्षी संचमान्यता होते, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात. पूर्वी शाळेच्या नोंदीतला पट धरायचे. आता शासनाच्या विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवर ज्याचं आधार वैध, म्हणजे शाळेच्या नोंदीशी जुळतं, तोच विद्यार्थी मोजला जातो. इथेच खरी मेख आहे.

2022-23 ला आमच्या शाळेचा पट होता 63, शिक्षक तीन. तिसरीतल्या एका मुलीची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरला 12 जून आणि आधारवर 1 जानेवारी. तिचे वडील मजुरी बुडवून तिला घेऊन दोनदा तालुक्याला गेले. पहिल्या खेपेला सर्व्हर बंद, दुसऱ्या खेपेला जन्माचा दाखला नव्हता. पोर रोज पहिल्या रांगेत बसून पाढे म्हणायची, पण पोर्टलच्या लेखी ती शाळेत नव्हतीच. अशी पाच मुलं निघाली. वैध पट 58 झाला, तिसरं पद गेलं आणि आमच्यातला सर्वांत नवा गुरुजी अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यात गेला. पाच वर्गांना आम्ही दोघं उरलो. त्यातला एक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की पाचही वर्ग एकाकडे. कलम 27 ने शिक्षकांना अशैक्षणिक कामं द्यायला मनाई केली आहे खरी, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्यात. दोन-तीन महिने हे चित्र पाहिलं की ज्याची ऐपत आहे तो पालक पोराला इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवतो. पट आणखी घटतो, आणि मग म्हणतात, मुलंच येत नाहीत. आमच्या डोळ्यांदेखत हे घडलं, फार जिवाला लागलं.

वरच्या वर्गांचं दुखणं आणखी मोठं आहे. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयात सहावी ते आठवीला 20 पेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पदच मंजूर नाही. कायदा मात्र या वर्गांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना स्वतंत्र शिक्षक द्यायला सांगतो. 25 सप्टेंबर 2024 ला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले, त्यात हाही मुद्दा होता.

त्याआधी 2023 च्या सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले होते. गाडीची सोय करू म्हणतात. पण आपल्याकडच्या पावसात ओहोळाला पाणी आलं की गाडी पाड्यापर्यंत येते का, हे तुम्हाला मी सांगायला नको. केंद्राच्या नमुना नियमांत तर डोंगराळ भाग, पूर, रस्ता नसणं अशा ठिकाणी अंतराची मर्यादा आणखी कमी करायला सांगितलंय. ऑक्टोबर 2023 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शाळेसाठी शेळ्या-बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आली होती. दप्तर परत घ्या आणि आम्हाला वळायला बकऱ्या द्या, असं ती मुलं म्हणत होती. पोरांवर ही वेळ यायला नको होती.

तुम्ही काय करू शकता? शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, ती नुसती सह्यांपुरती ठेवू नका. समितीचा ठराव करा, तोच ग्रामसभेत घ्या. त्यात पाड्यापासून पुढच्या शाळेचं पायी अंतर, वाटेतले ओढे-नाले आणि शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांची नावं लिहा. तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी आश्वासनावर आम्ही एक वर्ष घालवलं, तसं तुमचं होऊ देऊ नका.

आणि दिवाळीनंतर तुमच्याकडचीही माणसं द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे जात असतील, तर आधारच्या दुरुस्त्या त्याआधीच उरका. 17 पैकी किती मुलांचं आधार वैध दिसतंय, हे मुख्याध्यापकांना उद्याच विचारा.