इंग्रजी शब्दकोड्यात ‘द फ्रेंच’ आणि ‘मेजर’ (measure, म्हणजे माप) आले की काय लिहायचे?

‘द फ्रेंच’ म्हणजे फ्रेंचमधला ‘द’: एल-ई, एल-ए, एल-ई-एस किंवा नुसता एल. ‘अ फ्रेंच’ आला तर यू-एन किंवा यू-एन-ई. क्लूच्या, म्हणजे कोड्यातल्या सूचक ओळीच्या, सुरुवातीला ‘नाइस’ दिसला तर आधी फ्रान्समधल्या नीस शहराचा संशय घ्या, कारण दोन्हींचे स्पेलिंग एकच. ‘नीसमधला उन्हाळा’ म्हणजे ई-टी-ई. चौकटीत अक्षरांवरची चिन्हे लिहीत नाहीत.

मापांत खरा घोळ एम (ई-एम) आणि एन (ई-एन) यांचा. दोन्ही छपाईतली मापे, एन हे एमच्या निम्मे. क्लूमध्ये फक्त ‘मुद्रकाचे माप’ असेल, तर आडवे-उभे जुळेपर्यंत दुसरे अक्षर पेनाने लिहू नका. तीन अक्षरी ‘कापडाचे जुने माप’ म्हणजे ई-एल-एल. इंग्लंडमध्ये ते 45 इंच होते. रॉड म्हणजे साडेपाच यार्ड, चेन म्हणजे 22 यार्ड.

जोडून पाहा: ‘द फ्रेंच न्यू मेजर फॉर कॉर्ड’, सात अक्षरे. एल-ए, मग ‘न्यू’चा एन, मग यार्ड: लॅनयार्ड, म्हणजे गळ्यात अडकवायची दोरी. इथे एल-ई धरून बसलात तर पुढे काहीच जुळत नाही, म्हणून एल-ए लगेच तपासा.

सर्वांत फसवा शब्द ए-आर-ई. वाचताना तो साधे क्रियापद वाटतो, पण तो 100 चौरस मीटरचे एकक आहे, आपल्या सातबाऱ्यावरचा ‘आर’. 1795 च्या फ्रेंच कायद्यातून तो आला, घनमीटरचे ‘स्टेअर’ही तिथलेच.