मॉरिशसला जाताय? नुसत्या बीचवर भागवू नका

प्रश्न (एक वाचक, नेरूळ): आम्ही मिस्टर, मी, सासूबाई आणि दहावीतला मुलगा असे मॉरिशसला जायचं म्हणतोय. एजंटच्या पॅकेजमध्ये रोज बीच, वॉटर स्पोर्ट्स आणि एक बोट राईड एवढंच आहे. सासूबाईंना त्यात काय रस असणार? आणि ते बेट ज्वालामुखीचं आहे म्हणतात, तर जायला सेफ आहे का?

उत्तर: ताई, भीतीचं आधी सांगते. मॉरिशस ज्वालामुखीतून बनलंय हे खरं, पण तिथे गेली कित्येक हजार वर्षं उद्रेक झालेला नाही, त्यामुळे निर्धास्त जा. जागृत ज्वालामुखी बघायचा तर सव्वादोनशे किलोमीटरवरच्या रियुनियन बेटावर, तिथला पितों द ला फुर्नेझ अजून अधूनमधून लाव्हा ओकतो.

आता मुलाला सांगायची गोष्ट, ही तुम्ही त्याला निघायच्या आधी सांगाच. बेलापूरच्या पारसिक हिलवर जो काळा कातळ दिसतो ना, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि बहुतेक भूवैज्ञानिकांचं म्हणणं असं की तो लाव्हा ज्या खोलवरच्या उष्ण जागेतून वर आला तिनेच पुढे लक्षद्वीप-मालदीवची रांग, मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस आणि शेवटी रियुनियन घडवलं, म्हणजे ती जागा तिथेच राहिली आणि आपली जमीन वरून सरकत सरकत उत्तरेला निघून आली. मला हे वाचल्यापासून सह्याद्रीकडे बघण्याची नजरच बदलली. मॉरिशसला उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील, शेतं साफ करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. गाडी थांबवून मुलाला तो दगड नीट बघू दे.

मग क्यूरपीपला त्रू ओ सेर्फ. शहराच्या मधोमध विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे, आतून सगळं झाडांनी भरलंय, गाडी काठापर्यंत जाते त्यामुळे सासूबाईंनाही त्रास नाही. शामारेलला लाल, तपकिरी, जांभळट अशी सात रंगांची माती आहे, तोही बेसाल्टच, म्हणजे तोच काळा कातळ, कुजून झालेला, त्यातल्या लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांमुळे रंग वेगवेगळे दिसतात. तिथला धबधबाही बघा. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं जंगल तर चुकवूच नका. फ्लेमिंगो बघायला पहाटे खाडीवर जाणारे नेरूळकर तुम्ही, तिथलं गुलाबी कबूतर तुम्हाला नक्की आवडेल, 1990च्या सुमाराला जंगलात जेमतेम दहा उरली होती, माणसांनी पिंजऱ्यात पैदास करून, पिल्लं परत सोडून ती जात वाचवली. ज्या बेटावरचा डोडो सतराव्या शतकात माणसांमुळेच संपला तिथे हे झालं, याचं मला फार मोल वाटतं.

सासूबाईंसाठी गंगा तलाव. डोंगरातलं, ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं पाणी, काठावर देवळं आणि रस्त्याला 108 फुटी मंगल महादेव. 1972 मध्ये त्यात गंगेचं पाणी आणून मिसळलं. महाशिवरात्रीला लोक घरापासून कावडी घेऊन कित्येक किलोमीटर पायी येतात.

पण माझं ऐकाल तर अर्धा दिवस पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला ठेवा, तो पॅकेजमध्ये नसेल तर एजंटला सांगून घालून घ्या. 1834 ते 1920 या काळात भारतातून जवळपास पाच लाख माणसं कराराने मजुरीला इथे उतरली, काही इथे राहिली, काही इथून पुढे दुसऱ्या वसाहतींत पाठवली. त्यात आपल्या रत्नागिरीकडची, कोकणातली माणसंही होती. आज उरलंय थोडंच, दगडी इमारतीचा भाग आणि बोटीतून उतरल्यावर चढायच्या सोळा पायऱ्या. 2006 पासून तो जागतिक वारसा आहे. त्या माणसांची पुढची पिढी अजून गणपती बसवते, कोकणातली जाखडी तिकडे झाकरी म्हणून नाचते, मराठी शाळेत शिकवतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते!

नैऋत्य टोकाला ल मॉर्नचा 556 मीटरचा कडा आहे. गुलामगिरीतून पळालेली माणसं त्याच्या गुहांत लपत. वरचा चढ अवघड आहे, सासूबाई खालच्या किनाऱ्यावरून बघतील, तेवढंही पुरे. तिथून पूर्वेला, दक्षिण किनाऱ्यावर सूयाकजवळ ग्री ग्री म्हणून जागा आहे. बाकी बेटाभोवती प्रवाळाची भिंत असल्याने समुद्र शांत असतो, इथे त्या भिंतीत खिंडार आहे म्हणून लाटा थेट काळ्या कड्यावर आपटतात. पोहायचं अजिबात नाही, फक्त बघायचं.

प्रश्न (एक वाचक, कळवा): कधी जावं? आम्हाला गणपतीत जायचा मोह होतोय.

उत्तर: जा की. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मे ते ऑक्टोबर तिकडचा थंड, कोरडा काळ. गणपतीत मग इकडे पाऊस आणि तिकडे छान हवा, फक्त समुद्राचं पाणी जरा गार लागेल आणि क्यूरपीपकडे वर पाऊस कधीही येतो, विंडचिटर जवळ ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा, त्यातही जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, तेव्हाचं स्वस्त पॅकेज दिसलं तरी मी घेणार नाही. विसर्जन बघायचं असेल तर कुठल्या गावात कधी आहे हे हॉटेलवाल्यांना आधी विचारून ठेवा.

प्रश्न (एक वाचक, वाशी): शुद्ध शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं?

उत्तर: काही अडत नाही. रस्त्यावर 'धॉल पुरी' मिळते, डाळीचं सारण भरलेली मऊ पातळ पोळी, बिनगोडाची पुरणपोळीच समजा. दोन-दोनची जोडी, वर पांढऱ्या वाटाण्यासारख्या मोठ्या वालाची भाजी, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीची चटणी. तिखट सोसत नसेल तर चटणी कमी घालायला सांगा, आणि सकाळीच खा, गरम असते.