गोठा, वीरगळ आणि शंभर मीटर

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या गावाबाहेर एक कदंबकालीन देवालय असून तेथे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. त्याच्या कुंपणापासून साधारण साठ मीटरवर आमचे शेत आहे. तेथे पत्र्याचा गोठा बांधता येईल का? शिवाय नांगरताना बांधाजवळ एक कोरीव वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड, निघाला असून तो देवळाच्या पारावर नेऊन त्याला शेंदूर लावावा, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. काय करावे?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : गोठ्याविषयीचे उत्तर आपल्याला रुचणार नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरांत ते परवानगीनेच करता येते. हे अंतर देवळाच्या भिंतीपासून नव्हे, तर अधिसूचित हद्दीपासून मोजतात आणि ही हद्द कुंपणाशीच संपते असे नाही, म्हणून नकाशा पाहून खात्री करावी. शेतात १६ जून १९९२ पूर्वीचा गोठा असेल, तर त्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो.

वीरगळ मात्र जागचा हलवू नये. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरे वाचवणारा वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्याची मांडणी बहुधा असते. परंतु तो कोणत्या वाटेवर, कोणत्या शिवेवर उभा होता, हे त्या कोरीवकामातून कळत नाही. बेळगावच्या किल्ल्यातील, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांवर मजकूर असल्यामुळे इतक्या दूर जाऊनही ते कोठले हे सांगता येते. आपल्या दगडावर अक्षरे नसतील, तर त्याची जागा हाच त्याचा लेख आहे, आणि पारावर नेल्याच्या दिवशीच तो पुसला जाईल. अक्षरे असतील, तर शेंदराच्या थरांखाली तीही बुजतील. वडीलधाऱ्यांची भावना खोटी नाही. शेंदराऐवजी जागेवरच फूल वाहिले तर तिचाही मान राहतो. तारेच्या ब्रशने माती खरवडू नये आणि चुनाही लावू नये.

सायंकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्रे काढावीत, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला होते ते आणि उताऱ्यावरील सर्व्हे नंबर टिपून ठेवावा आणि तहसीलदार व पुरातत्त्व खाते यांना लेखी कळवून पोच घ्यावी. पत्र मराठीत असावे की कन्नडमध्ये, यावर गावात वाद होण्यापूर्वीच ते दोन्हींत लिहावे. 'वीरगळ' या शब्दातला 'गळ' तरी कानडी 'कल्लु'चाच, म्हणजे दगडाचाच आहे. उत्तर येईपर्यंत नांगर तेथून चार हात लांब ठेवावा.