‘ताई, ते बाळ होतं का?’

सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. पलीकडे काही क्षण फक्त श्वास ऐकू येत होता. मग, ‘ताई, काहीतरी पडलं. मांसासारखं. ते बाळ होतं का?’

तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती सत्तावीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. आधी वेगळ्याच कारणासाठी, म्हणजे कामाच्या ताणासाठी, माझ्याकडे समुपदेशनाला येत होती, म्हणून नंबर होता. त्या सकाळी आईला किंवा नवऱ्याला न लावता तिने मला फोन लावला.

पहाटेपासून पोटात कळा येत होत्या. नेहमीच्या पाळीसारख्या नाहीत. थांबून थांबून, कंबर धरून ठेवणाऱ्या. मग बाथरूममध्ये काहीतरी घसरल्यासारखं वाटलं आणि एकदम कळा थांबल्या. खाली पाहिलं तर हा तुकडा. तिने तो फ्लश केला नाही. हात थरथरत होते तरी एका स्वच्छ डबीत काढून ठेवला आणि फोटो काढला. असं करण्याचं भान फार कमी जणींना राहतं. बहुतेकजणी आधी पाणी ओततात आणि मग महिनोन्‌महिने ‘ते काय होतं’ म्हणून झुरतात.

फोटोत शेजारी तिची केसांची क्लिप आली होती, त्यामुळे मापाचा अंदाज आला. पाच-सहा सेंटीमीटरचा, फिकट गुलाबी, जवळजवळ त्रिकोणी तुकडा. वरच्या बाजूला दोन टोकं, खाली निमुळता. रक्ताची गुठळी अशी दिसत नाही. गुठळी काळपट लाल, जेलीसारखी लिबलिबीत असते, बोटाने दाबली तर फुटते. हा तुकडा तसाच्या तसा राहिला होता.

मी डॉक्टर नाही, आणि फोटो पाहून ‘काही नाही गं’ म्हणणं हा माझा अधिकार नाही. मी तिला तीन प्रश्न विचारले. पाळी चुकली होती का? गरोदर असण्याची शक्यता आहे का? गेल्या महिनाभरात कुठल्या हार्मोनच्या गोळ्या घेतल्या का?

तिसऱ्या प्रश्नावर ती गप्प झाली. प्रवास होता म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या, मेडिकलमधून, मैत्रिणीने नाव सांगितलं म्हणून. दहा दिवस. बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली, ती ही.

मग खरी गोष्ट बाहेर आली. ‘आम्हाला इतक्यात मूल नको होतं. मी रोज मनात म्हणायचे, नको नको. म्हणून पडलं का?’

पाळीतल्या गुठळ्यांबद्दल माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांच्या भीतीखाली असा एखादा आरोप असतो, स्वतःवरच केलेला. वजन उचललं म्हणून, पपई खाल्ली म्हणून, मनात वाईट आलं म्हणून. माहिती देऊन हा आरोप लगेच विरघळत नाही, पण माहितीशिवाय तर तो अजिबातच हलत नाही. म्हणून मी तिला एवढंच म्हटलं, ‘मनात आल्याने काही पडत नाही. हे मी तुला खात्रीने सांगते. बाकीचं आज दुपारपर्यंत तपासून घेऊ. डबी घेऊन निघ, मी येते.’

घाई करण्यामागे कारण होतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा असा अख्खा साचा पडतो, त्याला डॉक्टर डेसिड्युअल कास्ट म्हणतात. तो गोळ्यांमुळे पडू शकतो, कधी काहीच कारण सापडत नाही, पण गर्भ गर्भाशयाऐवजी त्याला जोडलेल्या नळीत रुजलेला असतानाही नेमका असाच तुकडा पडू शकतो. बाईला वाटतं, झालं, गर्भ पडून गेला, संपलं. प्रत्यक्षात गर्भ नळीत वाढत असतो, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. म्हणून तुकडा कसाही दिसो, ‘गरोदरपण आहे की नाही’ याचं उत्तर आधी मिळवायचं. पोटात एकाच बाजूला दुखत असेल, खांद्याच्या टोकाशी विचित्र कळ येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर फोनवर बोलत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

तिला यातलं काही नव्हतं. लघवीची टेस्ट निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी तेवढ्यावर न थांबता रक्तातून बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर तयार होणारं हार्मोन तपासलं, कारण नळीतल्या गर्भात हे हार्मोन कमी असू शकतं. ती तपासणीही निगेटिव्ह. सोनोग्राफी नीट. तुकडा लॅबला गेला.

डॉक्टरांनी सांगितलेलं तिला त्या वेळी अर्धंच कळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तेच पुन्हा माझ्या शब्दांत सांगितलं. दर महिन्याला गर्भाशयाच्या आत अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की हार्मोन उतरतात आणि अस्तर सुटतं. भिंतीचा जुना रंग कसा निघतो? बहुतेक वेळा बारीक पापुद्रे गळतात, पण कधी अख्खा पोपडा एकदम सुटून येतो. त्या गोळ्यांतलं हार्मोन अस्तर धरून ठेवतं, मऊ आणि जाड करतं. गोळ्या बंद केल्या की आधार निघतो. तिचा पोपडा अख्खा सुटला, आणि गर्भाशयाची आतली पोकळी त्रिकोणी असते म्हणून तोही त्रिकोणी निघाला. एवढा मोठा तुकडा अरुंद तोंडातून बाहेर काढायला गर्भाशयाला जोर लावावा लागला, त्याच त्या पहाटेच्या कळा.

ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे तो आकार माझ्याच आतला होता.’ त्या वाक्यानंतर तिचे खांदे पहिल्यांदा सैल झाले.

साध्या गुठळ्यांचं गणित वेगळं आहे. पाळीचं रक्त गोठू नये यासाठी अस्तरातूनच काही द्रव्यं सुटतात. रक्त जास्त आणि वेगाने आलं की ती पुरी पडत नाहीत, मग गुठळ्या होतात. रात्रभर आडवं असताना रक्त आत साचतं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या एखादी गुठळी पडते. पहिल्या दोन दिवसांत लहानसहान गुठळ्या पडणं नेहमीचं आहे. अडीच सेंटीमीटरहून, म्हणजे साधारण अंगठ्याच्या वरच्या पेराहून मोठ्या गुठळ्या वारंवार पडत असतील, तर मात्र दाखवायला हवं.

हे लिहिताना मला दुसरी एक बाई आठवते, चाळिशी ओलांडलेली. तिला काळजीच नव्हती, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटली. तासातासाला पॅड बदलायची, रात्री अंगाखाली टॉवेल घालून झोपायची, पाळी नऊ-नऊ दिवस चालायची आणि म्हणायची, ‘आमच्या घरात सगळ्यांचं असंच.’ माझ्याकडे आली होती चिडचिड आणि थकवा घेऊन. पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, 80 च्या वर गेलं तर ते जास्त. पण घरी कोण मोजणार? म्हणून पॅड मोजायचे, दिवस मोजायचे. तिचं हिमोग्लोबिन 7 निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं किमान 12 हवं. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, दिसले. इतरांमध्ये कधी थायरॉइड असतो, कधी कॉपर टी, कधी रक्त गोठण्याचाच जन्मजात दोष, जो मुलीच्या पहिल्या पाळीपासून दिसतो आणि ‘वयात येताना होतं असं’ म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो.

त्या सकाळी फोन करणाऱ्या मुलीचा लॅब रिपोर्ट आठवड्याने आला. अस्तराचा तुकडा, गर्भाच्या वारेचे अंकुर नाहीत. तिने ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. नुसती ही ओळ पुरेशी नसते, कारण नळीतल्या गर्भातही पडलेल्या तुकड्यात हे अंकुर सापडत नाहीत, पण रक्ताचा रिपोर्ट आधीच निगेटिव्ह होता. दोन्ही मिळून उत्तर पक्कं झालं. डॉक्टरांनी सांगितलं की असं बहुतेकींना पुन्हा होत नाही, पुढे मूल होण्यातही याने अडचण येत नाही, आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या यापुढे विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, ‘आठवडाभर तू हे एकटीनं का सोसलंस?’ तिच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या दोन भेटी आम्ही त्याच प्रश्नावर घालवल्या, आणि दुसऱ्या भेटीला तोही आला होता.