लिंक्ड लिस्टचा सी प्रोग्राम टर्बो सीमध्ये चालतो, उबुंटूवर नोड (लिस्टमधली एक कडी) डिलीट करताना कोसळतो. जागोजागी प्रिंटएफ टाकून चूक शोधणं चालू आहे. सोर्स समोर दिसेल असा मोफत डीबगर कोणता?

डीडीडी घ्या, म्हणजे डेटा डिस्प्ले डीबगर. डीबगर म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून ओळीओळीने तपासायचं साधन. नोड डिलीट करताना प्रोग्राम पडतो असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दुखणं पॉइंटरचं (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचं) आहे, आणि पॉइंटरसाठी मी आजही हेच सुचवतो. मी अंबड एमआयडीसीत कंट्रोलर बोर्डांसाठी सी लिहितो. नाशिकच्या कॉलेजांतून इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांनाही सुरुवातीला हेच उघडून देतो.

टर्बो सीमध्ये चालला म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे, असं धरू नका. तो डॉसच्या काळातला कंपायलर, आणि डॉस मेमरीची राखण करत नाही. भलत्या पत्त्यावर लिहिलं तरी कुणी अडवत नाही, वर उत्तरही बऱ्याचदा बरोबर दिसतं. लिनक्स (उबुंटू त्याचाच एक प्रकार) मात्र तुमच्या प्रोग्रामची नसलेली जागा चाळवली की सेगमेंटेशन फॉल्ट देऊन तिथेच थांबवतो. चूक आधीपासूनच होती, उबुंटूने ती उघडी पाडली.

जागोजागी प्रिंटएफ टाकून शोधताय, त्यातही एक फसगत आहे. ओळीच्या शेवटी न्यूलाइन नसेल तर छापायचा मजकूर बफरमध्येच थांबतो आणि प्रोग्राम कोसळला की तिथेच संपतो. त्यामुळे प्रोग्राम शेवटच्या दिसलेल्या प्रिंटएफच्या बराच पुढे जाऊन पडलेला असू शकतो, आणि तुम्ही भलत्याच फंक्शनमध्ये शोधत बसता.

डीडीडी उबुंटूच्या पॅकेजांमध्ये आहे, ऍप्ट या कमांडने इन्स्टॉल होतं. जीसीसी या कंपायलरने कंपाइल करताना डॅश जी आणि डॅश ओ शून्य (-g आणि -O0) हे दोन्ही पर्याय द्या. पहिल्यामुळे मशीन कोड तुमच्या ओळींशी आणि व्हेरिएबलच्या नावांशी जोडला जातो. दुसरा ऑप्टिमायझेशन बंद ठेवतो, नाहीतर ओळी मागेपुढे उड्या मारतात.

पडद्यामागे काम जीडीबी हा कमांडवर चालणारा डीबगर करतो, जो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. डीडीडी हा त्याचा दर्शनी भाग, १९९० च्या दशकात जर्मनीत तयार झालेला. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, सोर्ससकट.

आता मुख्य गोष्ट. डिलीट फंक्शनच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबायची खूण) लावा आणि रन करा. हेड (पहिल्या नोडचा पॉइंटर) निवडून डिस्प्ले दाबा, वरच्या डेटा खिडकीत चौकोन येईल. त्यातल्या पॉइंटरवर डबल क्लिक केलं की तो जिथे बोट दाखवतो तो नोड बाणासकट उमटतो. त्यातल्या नेक्स्टवर पुन्हा डबल क्लिक, की पुढचा. सर फळ्यावर काढतात तीच आकृती, पण तुमच्या प्रोग्रामच्या खऱ्या मेमरीतून काढलेली! मग नेक्स्टचं बटण दाबत एकेक ओळ पुढे जा. फ्री झाल्याबरोबर, म्हणजे नोडची मेमरी परत दिल्याबरोबर, त्या नोडमधल्या किमती बहुधा कचरा झालेल्या दिसतील. पुढची ओळ त्याच नोडचा नेक्स्ट वाचत असेल, तर चोर तिथेच सापडला. फ्री करण्याआधी नेक्स्टमधला पत्ता वेगळ्या पॉइंटरमध्ये काढून ठेवा.

पहिलाच नोड डिलीट होताना हेड बदलतो का, हेही त्याच चित्रात बघा. फंक्शनला हेडची नुसती प्रत दिली असेल तर मेनमधला हेड फ्री झालेल्या नोडकडेच बघत राहतो. या चुकीचा मला विशेष राग आहे, कारण कोड वाचताना ती अजिबात खटकत नाही. डेटा खिडकीत मात्र लगेच दिसते.

डीडीडीचा चेहरा जुनाट आहे, बटणं बारीक आहेत, त्याने बिचकू नका. ग्राफिक्स नसलेल्या मशीनवर जीडीबीला डॅश टीयूआय द्या, टर्मिनलमध्येच सोर्स दिसतो. चित्र मात्र तिथे नाही.

प्रोग्राम पडल्यावर सगळ्यात आधी बॅकट्रेस बघा. कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं आणि कुठल्या ओळीवर पडला, ते कळतं. तरी अडलंच तर तो बॅकट्रेस आणि डिलीट फंक्शन इथे टाका, मी बघतो.